ड्रायव्हर शोधतोय की ड्रायव्हरला शोधतोय?

मागच्या अंकात मी म्हटलं होतं की इंग्रजीतले ए, ॲन, द, म्हणजे ज्यांना आर्टिकल म्हणतात ते, आणि नामांची एकवचनं-अनेकवचनं यात कुठे अडत असेल तर लिहून पाठवा, तर आपल्या नागपुरात नंदनवनपासून काटोल रोडपर्यंत इतके प्रश्न आले की सगळे घ्यायचे तर अख्खा अंक लागेल. सात निवडलेत. इंग्रजी वाक्यं मी मुद्दाम देवनागरीत लिहितेय, त्याचा उपयोग तिसऱ्या प्रश्नात कळेल.

मॅडम, मी बँकेच्या परीक्षेची तयारी करून राहिलो. क्लासमध्ये आर्टिकलचे नियम लिहून दिले, वहीत चाळीस झाले. पेपर समोर आला की एक आठवत नाही, मग जिथे मोकळं मोकळं वाटते तिथे द टाकून देतो. मराठीत आर्टिकलच नाही तर आपल्याला हे कळणार तरी कसं? — एक विद्यार्थी, नंदनवन

अरे बाबा, आधी ते शेवटचं वाक्य डोक्यातून काढून टाक, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. मराठीत आर्टिकल नावाचा शब्द नाही हे खरं, पण आर्टिकल जे काम करतं ते काम मराठी रोज करते आणि तूही सकाळपासून शंभर वेळा करतोस, फक्त तुला ते कोणी दाखवलेलं नाही.

हे बघ. तुझ्या काकांनी गाडी घेतली, त्यांना चालवता येत नाही, ते चार लोकांना सांगतात, 'मी ड्रायव्हर शोधतोय.' सहा महिन्यांनी एका लग्नाला गेले, रिसेप्शन आटोपलं, रात्रीचे साडेअकरा, मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधून फिरतायत, कोणी विचारलं काय झालं, तर म्हणतात, 'ड्रायव्हरला शोधतोय.' एक ला लागला आणि सगळं बदललं. पहिल्या वाक्यात कोणताही चालेल असा ड्रायव्हर, दुसऱ्यात तोच तो, आपला, जेवायला म्हणून गेला आणि अजून आला नाही तो. आता इंग्रजी कर. पहिलं, आय ॲम लुकिंग फॉर ए ड्रायव्हर. दुसरं, आय ॲम लुकिंग फॉर द ड्रायव्हर. तुझा ला म्हणजेच त्यांचा द. 'मुलगी बघायला गेले' आणि 'मुलीला बघायला गेले' यातला फरक आपल्या आजीला सुद्धा कळतो, पहिल्यात स्थळ बघायला गेलेत आणि दुसऱ्यात मुलगी घरच्यांना माहीत असलेली आहे, बहुतेक आजारी आहे.

निर्जीव वस्तूंना आपण असा ला सहसा लावत नाही, तिथे मराठी शब्दांची जागा बदलते. 'टेबलावर पुस्तक आहे' म्हणजे देअर इज ए बुक ऑन द टेबल, कुठलंतरी एक पुस्तक, ऐकणाऱ्याला त्याची खबर नव्हती. 'पुस्तक टेबलावर आहे' म्हणजे द बुक इज ऑन द टेबल, तू जे मगापासून मागून राहिला ते. माणसांनाही हे चालतं, 'दारात माणूस उभा आहे' आणि 'माणूस दारात उभा आहे' दोन्ही मोठ्याने म्हणून बघ. शब्द तेच, पण पहिल्यावर आई विचारेल 'कोण?' आणि दुसऱ्यावर म्हणेल 'मग आत बोलाव ना.'

म्हणून ते चाळीस नियम बाजूला ठेव आणि नामापाशी आलास की एकच विचार, समोरच्याला कोणता ते माहीत आहे का? माहीत असेल तर द. मग ते आधी सांगितल्यामुळे माहीत असो, जगात एकच असल्यामुळे असो, द सन, द मून, किंवा सगळ्यात वरचं एकच असतं म्हणून असो, द बेस्ट, द फर्स्ट. कधी कधी एका गोष्टीबरोबर दुसरी आपोआप येते, आय टुक ॲन ऑटो टू बर्डी, द ड्रायव्हर हॅड नो चेंज. या ड्रायव्हरचं नाव आधी कुठे घेतलं होतं? नाही घेतलं, पण ऑटो म्हटला की ड्रायव्हर आलाच, ऐकणाऱ्याने तो मनात बसवून घेतला, म्हणून द.

माहीत नसेल तरच दुसरा प्रश्न, हे मोजता येतं का आणि एकच आहे का? एकच असेल तर ए किंवा ॲन, अनेक असतील किंवा मोजताच येत नसेल तर काहीच नाही. काल पेंचला वाघ दिसला, आय सॉ ए टायगर. आम्हाला वाघ आवडतात, वुई लव्ह टायगर्स. आयुष्य अवघड आहे, लाइफ इज हार्ड, तिथे द लाइफ लिहिशील तर कोणाचं आयुष्य असा प्रश्न उभा राहतो. आता यात न बसणाऱ्या जागा आहेत, दोन पुढे येतीलच, पण पेपरमधल्या बहुतेक वाक्यांना हे दोन प्रश्न पुरतात, आणि मला खरंच वाईट वाटतं की नववी-दहावीच्या पोरांना चाळीस नियम पाठ करायला लावतात पण त्यांच्याच तोंडातला ला त्यांना कोणी दाखवत नाही.

मुलाचा लग्नाचा बायोडाटा इंग्रजीत केला. त्यात 'बॉय इज इंजिनीअर इन प्रायव्हेट कंपनी' असं लिहिलं. सुनेकडच्या एका नातेवाइकांनी दोन चुका आहेत म्हणून सांगितलं. कोणत्या? — मुलाचे बाबा, मानेवाडा

इंजिनीअरच्या आधी ॲन हवा आणि प्रायव्हेटच्या आधी ए. भाऊ, तुमची चूक मराठीच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे, म्हणूनच ती इतकी पक्की बसते. आपण 'मुलगा इंजिनीअर आहे' म्हणतो, 'मुलगा एक इंजिनीअर आहे' म्हटलं तर ते कुठल्यातरी डब केलेल्या सिरीयलसारखं वाटतं. मराठीत पेशा उघडा राहू शकतो. इंग्रजीत मोजता येणारं एकवचनी नाम उघडं सहसा राहत नाही, त्याच्या आधी काहीतरी लागतं, ए, ॲन, द, नाहीतर माय, युवर, धिस. हे ध्यानात ठेवलं तर निम्म्या चुका तिथेच थांबतात. ही इज ॲन इंजिनीअर, शी इज ए डॉक्टर, हिज फादर इज ए फार्मर. आणि बॉय च्या जागी त्याचं नावच लिहा, जास्त छान दिसतं.

माझी मुलगी सहावीत आहे. तिने 'ॲन युनिफॉर्म' लिहिलं, बाईंनी लाल गोल केला. ती म्हणते यू हा व्हॉवेल आहे ना, मग ॲन का नाही? मलाही सांगता आलं नाही. — एक आई, मनीषनगर

ताई, तिला म्हणावं तो शब्द देवनागरीत लिही. युनिफॉर्म. पहिलं अक्षर काय आलं? य. य स्वर की व्यंजन? व्यंजन. मग ए. आता आवर लिही, ज्यात एच असतो तो तासवाला. पहिलं अक्षर आ, स्वर, म्हणून ॲन आवर, स्पेलिंगमध्ये एच असला तरी. ए आणि ॲन स्पेलिंग बघत नाहीत, आवाज ऐकतात, आणि आपली देवनागरी आवाजच लिहिते, त्यामुळे मराठी पोरांना ही गोष्ट इंग्रज पोरांपेक्षा सोपी जायला हवी. तिच्याकडून अशा जोड्या करून घ्या, ॲन एमपीएससी एक्झाम पण ए यूपीएससी एक्झाम, ॲन एमएलए पण ए मिनिस्टर, ॲन अंब्रेला पण ए युनिव्हर्सिटी, ए वन-वे रोड. ॲन एक्स-रे, ॲन एफआयआर, ॲन ऑनेस्ट मॅन.

दोन ठिकाणी मात्र आपली जीभ फसवते. वर्षाला आपण मराठीत इयर लिहितो, पण इंग्रजीत त्याचा उच्चार यिअर, सुरुवातीला हलका य, म्हणून ए यिअर. कानाला इअर, तिथे ॲन. आणि आपल्याकडे बोलताना एसटीची यस्टी होते, एमएचं यमे होतं, त्या कानाने गेलात तर ए लागेल. उच्चार एस आणि एम, म्हणून ॲन एसटी बस, ॲन एमए. द चंही असंच आहे, लिहिताना तोच राहतो पण स्वरापुढे दि म्हणतात, दि ऑरेंज, द बॉय.

ऑरेंजवरून तिला एक गोष्ट सांगा, नागपूरच्या मुलीला ती माहीत असायलाच पाहिजे. इंग्रजीत हा ॲन जुना, तो मूळचा वन चाच भाऊ, म्हणजे 'एक', आणि व्यंजनापुढे त्याचा न गळून ए उरला. आता हा न कोणाचा, ॲन चा की पुढच्या शब्दाचा, यात लोकांच्या कानांचा गोंधळ व्हायचा. अंपायर हा शब्द आधी नंपायर सारखा होता, ए नंपायर म्हणता म्हणता ॲन अंपायर झाला. एप्रन सुद्धा आधी नेप्रन. उलटही झालं, ॲन एकनेम म्हणजे जोडीचं जास्तीचं नाव, त्याचं ए निकनेम झालं. आणि संत्रं? ते संस्कृतातलं नारंग, फारसीत नारंग, अरबीत नारंज, स्पॅनिशमध्ये अजूनही नारांहा, पण इटली-फ्रान्सकडे पोचेपर्यंत तिथल्या 'एक' या अर्थाच्या शब्दाने त्याचा न ओढून घेतला आणि इंग्रजांच्या हातात आलं ते बिनानकाराचं ऑरेंज. म्हणजे कळमना मार्केटमध्ये जे फळ ढिगाने उतरतं त्याच्या इंग्रजी नावातलं पहिलं अक्षर एका आर्टिकलने नेलंय. मी वर्गात हे सांगते तेव्हा मागच्या बाकावरची पोरंही मान वर करतात, आणि ॲन ऑरेंज मग कोणी चुकत नाही.

दुकानाचा नवा बोर्ड केला, 'ऑल टाइप्स ऑफ फर्निचर्स'. पोरगा कॉलेजात आहे, तो म्हणतो एस खोडा. पेंटर म्हणतो टाइप्स अनेक तर फर्निचर पण अनेक. पैसे देऊन झालेत. कोणाचं ऐकू? — दुकानदार, इतवारी

पोराचं ऐका. एस खोडायला फार खर्च नाही येणार, एक अक्षर आहे आणि शेवटचं आहे.

फर्निचर इंग्रजीत मोजत नाहीत. खुर्ची मोजतात, टेबल मोजतात, पण सगळ्यांचा मिळून जो ढीग तो फर्निचर, त्याला एस नाही आणि ए पण नाही. आणि हे तुम्हाला मनातून माहीत आहे, कारण मराठीतही तुम्ही गिऱ्हाइकाला 'दोन फर्निचर देऊ का' असं कधी म्हणत नाही. सामानाचंही तेच, 'सामान उतरवलं' म्हणतो, लगेज ला एस नाही. माहिती तशीच, 'मला तीन माहित्या पाहिजेत' कोणी म्हणत नाही, मग इन्फर्मेशन्स कशाला? हे शब्द मराठी कानाने गेलात तर बरोबर येतात. इंग्रजी म्हटलं की आपण घाबरून एस लावतो, तिथे चूक होते.

खरी अडचण वेगळ्या शब्दांत आहे, जिथे मराठी मोजते आणि इंग्रजी मोजत नाही, तिथे मराठी कान दगा देतो आणि तेवढे मात्र पाठच करावे लागतात. आपण दोन बातम्या म्हणतो, न्यूज ला शेवटी एस दिसतो पण ती एकवचनी, द न्यूज इज गुड, आणि दोन बातम्या म्हणजे टू पीसेस ऑफ न्यूज. दोन सल्ले, पण ॲडव्हाइस ला एस नाही. 'मला खूप कामं आहेत', पण आय हॅव मेनी वर्क्स नाही, ए लॉट ऑफ वर्क. बांधकाम खात्याच्या नावात वर्क्स असतं ते वेगळं, तिथे अर्थच बांधकामं असा आहे. पैसे आपल्याकडे अनेकवचनी, 'पैसे कुठे आहेत', इंग्रजीत व्हेअर इज द मनी. तांदूळ आपण निवडतो तेव्हा ते अनेकवचनी, 'तांदूळ निवडले, धुतले', राइस मात्र कच्चा असो की शिजलेला, इज च लागतो. केसांचं तर सगळ्यात बोलकं आहे. 'माझे केस पांढरे झाले' यात ढीगभर केस, तरी इंग्रजीत माय हेअर हॅज टर्न्ड व्हाइट, एकवचन. पण भातात एक केस सापडला की तो मोजता येतो, देअर इज ए हेअर इन माय राइस. तोच शब्द, डोक्यावर असताना न मोजायचा आणि ताटात आला की मोजायचा.

तुमच्या कामाचे आणखी चार शब्द देऊन ठेवते, इक्विपमेंट, मशिनरी, स्टेशनरी, हार्डवेअर. एकालाही एस नाही. पुढचा बोर्ड करताना पेंटरच्या हातात हा अंक द्या.

रजेच्या अर्जात कोणी 'टू डेज लीव्ह' लिहितं, कोणी 'टू डे लीव्ह'. साहेब दोन्ही सही करतात. बरोबर कोणतं? आणि 'फाइव्ह हंड्रेड रुपीज नोट' बरोबर आहे का? — कार्यालयीन कर्मचारी, सिव्हिल लाइन्स

टू डेज लीव्ह बरोबर, पण डेज च्या एस नंतर वर एक स्वल्पविरामासारखी खूण द्यायची, ॲपॉस्ट्रॉफी. अर्थ 'दोन दिवसांची रजा', त्या 'ची' चं काम ती खूण करते. एक दिवसाची असेल तर खूण एस च्या आधी, वन डेज लीव्ह, ऐकायला सारखंच पण खुणेची जागा वेगळी.

नोटेचं मात्र उलटं. तिथे रुपया नोटेचं विशेषण झालाय, आणि इंग्रजीत नाम विशेषणाच्या जागी बसलं की बहुतेक वेळा एकवचनात जातं, मागचा आकडा कितीही मोठा असो. ए फाइव्ह हंड्रेड रुपी नोट, ए टेन किलोमीटर रन, ए फाइव्ह यिअर ओल्ड बॉय. मराठीत हेच होतं, आपण 'पाच वर्षाचा मुलगा' सहज म्हणतो ना. नोट बाजूला केली आणि नुसते पैसे मोजले की परत एस, फाइव्ह हंड्रेड रुपीज. बुटांचं दुकान शू शॉप, दातांचा ब्रश टूथब्रश, संत्र्यांची बाग ऑरेंज ऑर्चर्ड. कपड्यांचं दुकान मात्र क्लोद्ज शॉप, आणि स्पोर्ट्स टीचर, सेल्स मॅनेजर हे एस सोडत नाहीत, त्यांना तसंच घ्या.

जाता जाता, अर्जांमध्ये 'वन ऑफ माय रिलेटिव्ह' फार दिसतं. आपणही 'नातेवाइकांपैकी एक' म्हणतो, अनेकवचन. वन ऑफ माय रिलेटिव्ह्ज.

निवृत्तीनंतर शहराच्या इतिहासावर इंग्रजीत लिहितोय. द नाग रिव्हर लिहितो तर द फुटाळा लेक का नको, आणि विद्यापीठाला द लावायचा की नाही? — एक ज्येष्ठ वाचक, धरमपेठ

सर, नावांच्या बाबतीत मी वर सांगितलेला माहीत-आहे-का हा प्रश्न चालत नाही, कारण नाव म्हटलं की कोणतं ते माहीतच असतं. इथे सवयीचा भाग आहे आणि तो तसाच घ्यावा लागतो. नद्यांना द, द नाग, द कन्हान, द वैनगंगा. तलावांना नाही, फुटाळा लेक, अंबाझरी लेक. डोंगररांगेला द, द सातपुडा रेंज, एकट्या टेकडीला नाही, सेमिनरी हिल्स आपल्याकडे नेहमी बिनाद लिहितात. देशांना सहसा नाही, पण ज्यांच्या नावात राज्यं-बेटं असं काही अनेकवचन आहे त्यांना द, द युनायटेड स्टेट्स, द फिलिपिन्स. विदर्भाला नाही. द विदर्भ पुष्कळ वाचायला मिळतं, पण द विदर्भ रीजन म्हटलं तरच तो द शोभतो, कारण तो रीजन ला लागलाय.

विद्यापीठाचं सोपं आहे. मधे ऑफ आला की द, ऑफ नसला की नाही. नागपूर युनिव्हर्सिटी वॉज एस्टॅब्लिश्ड इन १९२३, पण द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई. सीताबर्डी फोर्ट ला नको, पण १८१७ च्या लढाईवर लिहाल तेव्हा द बॅटल ऑफ सीताबर्डी. हायकोर्टाला लावा, द बॉम्बे हायकोर्ट, आणि आपल्या खंडपीठाला पण, द नागपूर बेंच. दीक्षाभूमी नुसतीच.

वडील ॲडमिट होते तेव्हा ऑफिसच्या ग्रुपवर 'माय फादर इज इन हॉस्पिटल' टाकलं. अमेरिकेत राहून आलेल्या एका सहकाऱ्याने सगळ्यांसमोर 'इन द हॉस्पिटल' अशी दुरुस्ती केली. तेव्हा मन नव्हतं, पण आता विचारते, मी चुकले होते का? — एक वाचक, प्रतापनगर

नाही चुकलीस. इन हॉस्पिटल ब्रिटिश पद्धत, आपण शाळेत तीच शिकलो, आणि अर्थ पेशंट म्हणून भरती असा. अमेरिकेत इन द हॉस्पिटल म्हणतात, म्हणजे दोघंही आपापल्या जागी बरोबर. उलट ब्रिटिश पद्धतीत यात एक बारकावा आहे जो मला फार आवडतो, ही इज इन हॉस्पिटल म्हणजे तो पेशंट आहे, आय ॲम ॲट द हॉस्पिटल म्हणजे मी त्याच्याजवळ आहे, डबा घेऊन आलेय, बाकावर बसलेय. शाळेचंही तसंच, मुलगी गोज टू स्कूल, आणि तिच्या पालकसभेला आई गोज टू द स्कूल. ज्या कामासाठी ती जागा आहे त्याच कामाला गेलं तर द नाही, दुसऱ्या कामाला गेलं तर द. हे थोड्याच जागांना लागू आहे, स्कूल, कॉलेज, हॉस्पिटल, जेल, चर्च. बँक, मार्केट, टेंपल, ऑफिस यांना द लावायचाच, गोइंग टू द बँक. आणि घराला तर टू पण नको, आय ॲम गोइंग होम.

बाबा आता घरी आले असतील अशी आशा करते. ग्रुपवर तसं टाकायचं असेल तर माय फादर इज होम एवढंच लिही, त्यात कोणाला काही दुरुस्त करता येणार नाही.